बाटलीवरची रेघ

कराडहून निघायच्या आदल्या दिवशी माझी बॅग भरण्यावरून आमच्या घरात दर खेपेला भांडण व्हायचं. आई मेतकूट आणि कुळथाच्या पिठाचे पुडे घेऊन उभी असायची आणि बाबा दुकानातून एक पांढरी पिशवी घेऊन यायचे. आधी माझी पिशवी, मग तुझं मेतकूट, असं त्यांचं म्हणणं. बाबांचं मेडिकल आहे, एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला, मी बालवाडीत होते तेव्हापासूनचं. त्यामुळे आमच्या घरात औषधाला कधी कुणी घाबरलं नाही. दुसऱ्यांच्या फडताळात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असायची, आमच्या फडताळात तापाच्या आणि पोटाच्या गोळ्या असायच्या.

त्या पिशवीत सगळ्या घराची सोय असायची. लेक झाल्यावर तिच्यात तीन छोट्या बाटल्यांची भर पडली. लहान मुलांचं अँटिबायोटिक. आत कोरडी भुकटी असते, पाणी घालून हलवलं की गुलाबी सिरप तयार. बाबा प्रत्येक बाटलीच्या कागदावर निळ्या बॉलपेनने आडवी रेघ मारून द्यायचे. "उकळून गार केलेलं पाणी. इथपर्यंत. वर नाही, खाली नाही." ही रेघ ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला मारून देतात. बाटलीवर कंपनीची खूण छापलेली असते, पण ती घाईत कुणाला दिसत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

इथे मेलबर्नला अशी पिशवी मी एकटीनेच आणली असं समजू नका. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात ती आहे. 'इथले डॉक्टर काही देतच नाहीत' हे आमचं आवडतं गाऱ्हाणं. ताप आला की व्हायरल आहे, पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, तीन दिवसांनी या. पोर रडून घर डोक्यावर घेतंय आणि हे म्हणतात नो वरीज. मग मैत्रिणींच्या ग्रुपवर मेसेज पडतो, कुणाकडे ते गुलाबी सिरप आहे का गं, आणि अर्ध्या तासात कुणीतरी दारात बाटली ठेवून जातं. मीही ठेवून आलेली आहे. मेडिकलवाल्याची मुलगी म्हणून माझ्या शब्दाला ग्रुपवर वजन होतं.

आणि आता खरं लाजिरवाणं सांगते. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई आहे. क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला म्हणून आले, इथेच राहिले, आणि डँडेनॉन्गला एका दह्याच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरीला लागले. दुधाचा टँकर आला की त्यातलं थोडं दूध घ्यायचं आणि त्यात अँटिबायोटिकचा अंश आहे का ते तपासायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम. गाय आजारी पडली की शेतकरी तिला औषध देतो. ते देताना त्याला तसं लिहून ठेवावं लागतं आणि काही दिवस त्या गाईचं दूध वेगळं काढावं लागतं. तिचं दूध सगळ्यात मिसळलं तर विरजण मरतं आणि दही लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते थोडंथोडं औषध माणसांच्या पोटात जातं.

कोविडचं पहिलं वर्ष होतं, इथला जूनचा हिवाळा. एके दिवशी टँकरचं दूध तपासणीत नापास झालं. दुधाबरोबरच्या कागदावर औषधाच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं. फोन केला तर शेतकरी म्हणाला, सॉरी मेट, एकच गाय होती, राहून गेलं. मी टँकर परत पाठवला. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला तावातावाने सांगितलं, की माणसं अशी कशी असतात, साधं विचारलेल्याला खरं उत्तर देत नाहीत. नवरा म्हणाला, घाबरला असेल बिचारा. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, खरं बोलायला काय धाड भरते. हे वाक्य मला पुढे पुष्कळदा आठवलं.

त्या वर्षी आम्ही कराडहून परत आलो आणि महिन्याभरात सीमा बंद झाल्या. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. दह्याचा कारखाना बंद ठेवता येत नाही, म्हणून मला रोज कामावर जायचं होतं. नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर मीटिंगा करायचा. पिल्लू चाइल्डकेअरला जायचं, पण तिथे नियम कडक. दारातच कपाळाला थर्मामीटर लावायचे, आणि ताप दिसला की घरी. मग कोविडची टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत सगळं घर कोंडून. माझी शिफ्ट बुडायची, लॅबमध्ये आम्ही दोघीच, दुसरीवर सगळा भार.

मग मे महिन्यात तिला सर्दीताप आला तेव्हा मी पिशवी उघडली. पाणी उकळलं, गार केलं, रेघेपर्यंत घातलं. दोन दिवस दिलं, ताप उतरला, बंद केलं. सर्दीचाच ताप होता, तो तसाही उतरलाच असता. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवली, मोहरीच्या सॉसमागे. जुलैत पुन्हा तेच. दुसरी बाटली, दोन दिवस, बंद. कोर्स पुरा करायचा असतो, कालवलेलं सिरप आठवड्याभराने फेकायचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण लहानपणापासून दुकानात जे पाहिलं ते अंगात मुरलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणायचं, दोन दिवसांच्याच द्या, बरं वाटलं तर बघू. बाबा कात्रीने पाकिटाचा तुकडा कापायचे, कच्च. मला तो आवाज आवडायचा. शाळेतून आले की मी तो तुकडा कागदाच्या पुडीत घालून द्यायची.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा ताप आला. या वेळी नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता. मी तिसरी बाटली कालवली. दोन दिवस दिलं, ताप जरा उतरल्यासारखा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी असा चढला की पोरीच्या अंगाला हात लावला तर हात मागे घ्यावासा वाटला. पाणी पिईना. प्यायली की ओकायची. मला सारखं हाक मारणारं पोर, ते हाकही मारेना. कोविडची टेस्ट आदल्या दिवशी झाली होती, ती निगेटिव्ह आली. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, लंगोटाला कसला वेगळा वास येतोय का. येत होता. मला वाटत होतं, पाणी कमी पितेय म्हणून. ते म्हणाले, लगेच हॉस्पिटलला न्या.

हॉस्पिटलात मुलाबरोबर एकालाच आत सोडत होते. नवरा पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. मी तिला घेऊन आत गेले. आत सगळे मास्कमधले डोळे आणि वर प्लास्टिकचं कवच. पिल्लू एवढं मलूल, की परक्या माणसांना बघून रडायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पलंगावर उशीला टेकवून ठेवला. नुसतं कुणीतरी आपलं दिसावं म्हणून. कराडला तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते, बाबा दुकानात होते. काउंटरच्या पुढे दोरी बांधलेली, पलीकडे लांब लांब उभी माणसं.

डॉक्टर माझ्याहून लहान होती, शांत बोलायची. मूत्रमार्गाचा संसर्ग वाटतोय, ती म्हणाली, आणि तो बहुतेक वर किडनीपर्यंत गेलाय. आधी लघवीचा स्वच्छ नमुना घेऊ, मग लगेच शिरेतून औषध सुरू करू. मग तिने हातातल्या कागदावर बघत विचारलं, "गेल्या काही महिन्यांत हिला कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?"

"नाही," मी म्हणाले.

मला विचार करायला वेळच लागला नाही. तोंडातून 'नाही' आपोआप निघालं, आणि निघाल्यावर मी त्याला चिकटून बसले. काय काय आलं मनात. इथल्या डॉक्टरने न लिहून दिलेलं औषध, तेही बाहेरून आणलेलं. नागरिकत्वाचा अर्ज नुकताच भरलेला. ही बाई मला काय म्हणेल, मूल सांभाळता येत नाही असं कुठे लिहून ठेवेल का. आणि बाबा. बाबांचं नाव निघेल. मी फोनकडे बघितलं नाही.

नमुना घेणं म्हणजे काय, तर दोन वर्षांच्याही नसलेल्या पोरीला उघडं मांडीवर धरायचं, खाली एक निर्जंतुक भांडं धरून बसायचं आणि वाट बघायची. नर्स थंड पाण्यात भिजवलेली कापडाची पट्टी तिच्या ओटीपोटावर फिरवत होती. वीस मिनिटं झाली. काही नाही. मी मास्कच्या आतून 'शूऽऽऽ' करत होते, जसं आपल्याकडे प्रत्येक आई करते, पण त्या मास्कमधून आवाज कसला येतोय, नुसती वाफ. मास्क काढायला परवानगी नाही. माझे हात भरून आले. नर्स म्हणाली, नळी घालून घ्यावा लागेल बहुतेक.

एवढ्यात उशीवरून आवाज आला, "शूऽऽऽऽ."

बाबा. भर दुकानात, दोरीपलीकडच्या गिऱ्हाइकांसमोर, तोंडावरचा मास्क खाली ओढून बाबा फोनमध्ये तोंड घालून शू करत होते. लहानपणी माझ्यासाठी करायचे तसंच, लांबलचक, शेवटाला जरा वर चढवत. पिल्लाने मान वळवून फोनकडे बघितलं, आणि भांड्यात धार पडली. नर्स हसायला लागली. मागे कुणीतरी गिऱ्हाईक विचारत होतं, काय झालं हो, आणि बाबा त्याला सांगत होते, झाली, झाली एकदाची.

नर्स भांडं घेऊन गेली. पडदा ओढलेला, आत आम्ही दोघी आणि फोनमध्ये बाबा. त्यांनी मास्क वर ओढला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळा, तू त्यांना नाही म्हणालीस."

त्यांना इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, पण औषधाचं इंग्रजी सगळं कळतं, हे मी विसरले होते.

"बाबा, नंतर बोलू."

"नंतर कधी? त्यांना औषध निवडायचंय. आधीचं सांगितलं नाहीस तर नेहमीचंच देतील. नेहमीचं लागू नाही पडलं तर? तिला सांग जा."

माझं डोकं फिरलं. खरं तर मला स्वतःचाच राग आला होता, पण तो काढायला समोर बाबा होते. "तुम्हाला काय जातंय तिथे बसून बोलायला," मी म्हणाले. "तुमचीच पिशवी होती ना?"

 मी फोन बंद केला.

शिरेतून औषध सुरू झालं. पिल्लाच्या इवल्याशा हाताला सुई, वर फळीचा तुकडा बांधून पांढरी पट्टी गुंडाळलेली. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप हटेना. डॉक्टर येऊन बघून गेली, म्हणाली, काही मुलांना जास्त वेळ लागतो, लघवीचा कल्चर रिपोर्ट उद्या येईल, तोवर थांबू.

तो रिपोर्ट कसा तयार होतो ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. याच इमारतीत कुठेतरी तळमजल्यावर माझ्यासारखीच एखादी बाई बसली असणार. तिने माझ्या लेकीच्या लघवीतले जंतू बशीवर पसरले असणार. त्यावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या असणार. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, कारण तिथले जंतू मरतात. जे लागू पडत नाही त्याच्या चकतीला खेटून जंतू मजेत वाढतात. कॉलेजात मी अशा कितीतरी बशा उजेडाकडे धरून बघितल्या होत्या. औषध अर्धवट दिलं की कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात, जागा मोकळी झालेली असते, मग तेच वाढतात. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

आणि मला तो शेतकरी आठवला. एकच गाय होती, राहून गेलं. त्याचा पूर्ण टँकर मी परत पाठवला होता. माझ्या कागदावरच्या रकान्यात मी स्वतःच्या पोरीसाठी 'नाही' लिहिलं होतं. त्याच्या बाबतीत निदान दहीच बिघडलं असतं.

मी बाबांना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. कॅमेऱ्यात दुकान अंधारलेलं दिसलं. मी विचारलं, लाइट गेलेत का. नाही, म्हणाले, शटर अर्धं ओढलंय. सगळ्या लॉकडाऊनमध्ये एक दिवस त्या दुकानाचं शटर खाली आलं नव्हतं. तेव्हा निम्मं कराड कुठला कुठला व्हॉट्सॲप मेसेज दाखवून अँटिबायोटिकची पाकिटं मागायला दारात उभं असायचं. त्या माणसांना ते म्हणाले होते, तासाभराने या, नातीचं काम आहे.

"मी सांगणार आहे," मी म्हणाले. "तुम्ही फक्त थांबा फोनवर."

"मी कुठे जातोय," बाबा म्हणाले.

डॉक्टर आली. मी उभी राहिले.  "मी काल खरं सांगितलं नाही," एवढंच इंग्रजीत बोलले आणि रडूच फुटलं, मास्क ओला होऊन तोंडाला चिकटला. ती थांबली. आणि पलंगावरून बाबांचा आवाज आला, एकेक शब्द तोलून, दुकानात इन्स्पेक्टर आला की बोलतात तसा.

"मॅडम, आय ॲम ग्रँडफादर. आय ॲम केमिस्ट. द बॅग इज माइन. द मिस्टेक इज माइन. माय डॉटर इज व्हेरी ट्रूथफुल गर्ल."

डॉक्टरने फोन हातात घेतला आणि खुर्ची ओढून बसली. मग त्या दोघांचं दहा मिनिटं बोलणं झालं. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस, कधी कधी. तारखा मी सांगत होते, बाकी बाबा. त्यांनी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, मला दिलेल्या प्रत्येक बाटलीचं. एका ठिकाणी डॉक्टरला त्यांचा उच्चार कळेना, तर त्यांनी दुकानातली तसलीच एक बाटली कॅमेऱ्यासमोर धरली, बोटाने रेघेची जागा दाखवली आणि म्हणाले, अप टू हिअर.

डॉक्टर मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सांगितलंत ते चांगलं केलंत. हे काल कळलं असतं तर मी कालच वेगळं औषध सुरू केलं असतं." एवढंच. संध्याकाळी सलाइनची पिशवी बदलली, आत वेगळं औषध.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एकाखाली एक औषधांची नावं, पुढे अक्षर. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. आर, आर, आर, खाली एक एस, पुन्हा आर. माझ्या गुलाबी सिरपपुढेही आर. आदल्या संध्याकाळी सुरू केलेल्या औषधापुढे एस होता. मी तो एस कितीदा बघितला असेन देव जाणे.

त्या रात्रीपासून ताप उतरायला लागला. सकाळी पिल्लाने डोळे उघडले, हाताच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणालं, "टोस्ट." माझा जीव भांड्यात पडला. मी टोस्ट भरवत होते आणि ती 'मोअर, मोअर' करत होती. मी पार्किंगमध्ये येऊन बसलेल्या नवऱ्याला फोन करून एवढंच सांगितलं की ती मोअर म्हणतेय. 

पण सगळं सुटलं असं नाही. काही महिन्यांनी किडनीचा स्कॅन झाला तेव्हा डाव्या किडनीवर एक छोटा व्रण दिसला. त्याने तिचं काही अडत नाही, अडूही नये, पण तो आता तिथे राहणार. मी डॉक्टरला विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. ती म्हणाली, हे जंतू कुठूनही आलेले असू शकतात, प्रवासातून, घरातून, कुणाच्याही आतड्यात ते गुपचूप राहतात. औषधं उगाच दिली की त्यांचं फावतं. "तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. नाही झालं असंही म्हणू शकत नाही." मला अजून वाटतं, तिने खोटं बोलून माझी समजूत घातली नाही यातच तिची माया होती. जाताना तिने एक नियम सांगितला. हिला कारण नसलेला ताप आला, की आधी लघवीचा नमुना, मग औषध. उलटं कधी नाही.

घरी आल्यावर मी फ्रिजच्या दारातल्या तिन्ही बाटल्या आणि उरलेली पिशवी कोपऱ्यावरच्या फार्मसीत परत नेऊन दिली. ते घेतात, नीट जाळून टाकतात. ग्रुपवर लिहिलं, माझ्याकडे आता काही मागू नका, आणि का ते पण लिहिलं. काहींना राग आला. एकीने फोन करून हळूच विचारलं, ती फार्मसी किती वाजेपर्यंत उघडी असते गं.

बाबांनी मला फक्त रिपोर्टचा फोटो मागितला. मी पाठवला.  'तुमचीच पिशवी होती ना' हे वाक्य आमच्या दोघांत तसंच पडून राहिलं. पुढे एकदा आई फोनवर म्हणाली, "अगं, यांनी तो तुझा कागद छापून आणून काउंटरच्या काचेखाली लावलाय, देवांच्या फोटोशेजारी. नाव कापून. कुणी दोन दिवसांच्याच गोळ्या मागितल्या की त्यावर बोट ठेवतात आणि सांगतात, ही माझी नात. गिऱ्हाइकं पळतात बाई." मी विचारलं, कात्री? आई म्हणाली, कात्री आहे की, दोरा कापायला.

सीमा उघडल्या तेव्हा पिल्लू साडेतीन वर्षांचं झालं होतं. आईबाबा आले. एअरपोर्टवरून घरी आल्यावर आईने बॅग उघडली, मेतकूट, पीठ, खारे शेंगदाणे. मी सवयीने पांढरी पिशवी शोधत होते. बाबा म्हणाले, "बघतेस काय, नाही आणली." आणि उगाचच स्वतःचे रिकामे हात दाखवले.

दुसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. नाक कोरडं, घसा ठीक. मी भांडं काढलं, ते आता आमच्या कपाटात कायम असतं. बाबा सोफ्यावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. आयुष्यभर ज्याने दुकानात कुणाला दोन मिनिटं ताटकळत ठेवलं नाही, तो माणूस कसा बसला असेल ते मला त्यांच्या बोटांवरूनच कळत होतं. मग ते उठले, शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं, भांड्याच्या बाहेर चिकटवलेल्या कागदावर रेघ मारली आणि नातीच्या हातात दिलं. "इथपर्यंत. वर नाही, खाली नाही."

"आय नो, आबा," ती म्हणाली. "यू वेट आउटसाइड. डोन्ट लुक."

बाबा बाथरूमच्या बंद दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि हळू आवाजात शू करायला लागले. आतून ओरडा आला, "आबा, आय कॅन डू इट मायसेल्फ." ते गप्प झाले. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"बाबा, हॉस्पिटलात मी तुम्हाला बोलले ना, पिशवीवरून. तसं बोलायला नको होतं."

"आधी तिचं होऊ दे," ते म्हणाले. पण माझा हात त्यांनी हातात घेतला आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही.

दार उघडलं. दोन्ही हातांनी भांडं धरून पिल्लू बाहेर आलं, जिभेचं टोक बाहेर, सांडू नये म्हणून. बाबांनी चष्मा वर करून बघितलं. बरोबर रेघेपर्यंत.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत घरात कुणी तिला पॅरासिटामॉलशिवाय काही दिलं नाही, आणि बाबांनी एकदाही काही सुचवलं नाही. ताप आपोआप गेला. रिपोर्टात एकच ओळ होती, जंतू आढळले नाहीत. औषधांची यादी नाही, आर नाही, एस नाही. बाबांनी तो कागद छापून मागितला, नावाचा भाग कात्रीने कापला आणि बाकीचा घडी करून पासपोर्टमध्ये ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"त्याच्या शेजारी लावतो. काचेखाली."

"बाबा, यात काहीच नाहीये."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि कात्री जागेवर ठेवायला आत गेले.